साधा म्युझिक प्लेअर स्वतः बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनमध्ये साठवलेली गाणी वाजवणारं, मोजक्या पडद्यांचं ॲप फावल्या वेळात स्वतः बनवू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला डिझाइन, मग आवाज आणि फाइली, शेवटी अडनिडे प्रसंग असा क्रम आहे. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिनिमलिस्ट प्लेअर म्हणजे नेमकं काय? बटणं कमी केली की झालं का?

नाही. बटण काढलं तरी त्यामागचा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. आधी तो ऐकणारा घेत होता, आता तुम्ही घ्यायचा. आवाजाची पातळी समान करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये ठेवायचा नसेल, तर ती पातळी कधी अल्बमप्रमाणे धरायची आणि कधी गाण्याप्रमाणे, हे ॲपला न विचारता कळलं पाहिजे. त्यामुळे असा प्लेअर दिसायला लहान असतो, पण त्याचं आतलं काम वाढतं. हे वाढलेलं काम टाळलं की उरतो तो अर्धवट प्लेअर.

पडद्यावर काय राहावं हे ठरवताना मी टॅप मोजत नाही. ॲप उघडल्यापासून हवं ते सुरू होईपर्यंत माणूस किती वेळा अडखळला, हे बघतो. न अडखळता केलेले तीन टॅप चालतात. एकच टॅप आहे, पण तो कुठे करायचा ते कळत नाही, हे चालत नाही.

२. इतके प्लेअर आधीच आहेत. मग आणखी एक कशाला?

कारण त्यांना सगळ्यांची सोय बघावी लागते, तुम्हाला नाही. कुणी फक्त पूर्ण अल्बम ऐकतं, कुणाकडे तासातासाची ध्वनिमुद्रणं असतात, कुणी मोजकी गाणी वर्षभर फिरवतं. या तिघांसाठी तीन वेगळे प्लेअर निघतील आणि तिन्ही साधे असतील. एकाच ॲपमध्ये तिघांना बसवायला गेलात की साधेपणा संपला. म्हणून आधी एक वाक्य लिहून काढा: हे ॲप कोण वापरणार, तो काय ऐकतो, ऐकताना त्याचे हात कशात गुंतलेले असतात. पुढची बरीच भांडणं या वाक्यावर मिटतात.

३. आधी डिझाइन करू की कोड?

आधी एक गाणं वाजवून दाखवा, तेही पडदा बंद असताना. रंग, अक्षरं, मांडणी हे सगळं नंतर. म्युझिक प्लेअर बहुतेक वेळ खिशात असतो आणि त्याचा पडदा दिसत नसतो, त्यामुळे त्याचं खरं डिझाइन त्याच्या वागण्यात असतं. माझा क्रम असा: पार्श्वभूमीत वाजणं, लॉक स्क्रीनवरची नियंत्रणं आणि हेडफोनचं बटण, मग गाण्यांची रांग, मग संग्रहाची यादी, आणि सगळ्यात शेवटी रूप. वागणं पक्कं झाल्यावर कागदावर पडदे काढायला घेतले की कोणता पडदा अनावश्यक आहे ते लगेच कळतं.

याच सुमारास ‘हे करणार नाही’ अशी यादी लिहून ठेवा. तिचा उपयोग प्रश्न २२ मध्ये आहे.

४. अँड्रॉइड, आयफोन की ब्राउझर?

तुम्ही स्वतः जो फोन वापरता तो. रोज स्वतः वापरलं नाही तर असं ॲप सुधारत नाही.

अँड्रॉइडवर मीडिया३ या लायब्ररीत एक्सोप्लेअर (गाणं वाजवणारा भाग) आणि मीडियासेशन (लॉक स्क्रीन व हेडफोनच्या बटणांशी जोडणारा भाग) दोन्ही मिळतात, आणि फोनमधल्या गाण्यांची यादी प्रणालीच्या मीडियास्टोअरमध्ये तयार असते. अँड्रॉइड १३ पासून फक्त ऑडिओ फाइली वाचण्याची वेगळी परवानगी आहे, तेवढीच मागा. आयफोनवर एव्हीफाउंडेशन ही ॲपलची लायब्ररी वापरता येते, पण तिथे ॲपला सगळा साठा खुला नसतो. ऐकणारा फाइल्स ॲपमधून जे देईल तेच मिळतं. फोनच्या स्वतःच्या संगीत संग्रहातली संरक्षित गाणी कच्च्या रूपात वाचता येत नाहीत. ब्राउझरमध्ये मीडिया सेशन एपीआयमुळे लॉक स्क्रीनवर बटणं दिसतात, मात्र वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज सुरू करायला ब्राउझर सहसा नकार देतो.

एकाच कोडमधून दोन्हीकडे जाण्याची साधनं आहेत. ती वापरली तरी आवाजाचा भाग प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा समजून घ्यावाच लागतो.

५. कोणते फॉरमॅट चालायला हवेत?

एमपी३, एएसी, फ्लॅक, ओपस, व्हॉर्बिस आणि वेव्ह. एमपी३च्या पेटंटचा परवाना देणारा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला, त्यामुळे ती जुनी काळजी उरलेली नाही. डिकोडर, म्हणजे फाइलमधला आवाज उलगडणारा भाग, स्वतः लिहू नका. अँड्रॉइडवर प्रणालीचे डिकोडर पुरेसे आहेत.

पडद्यावर बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती बिट लागतात तो आकडा, दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येकी १६ बिट आणि दोन चॅनल असतात, म्हणजे सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट आणि मिनिटाला जवळपास १० एमबी. ३२० किलोबिटच्या एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात. हे आकडे साठवणुकीचा विचार करताना उपयोगी पडतात. गाणं ऐकताना ते डोळ्यांसमोर असण्याचं कारण नाही.

न वाजणारी फाइल आली तर खिडकी उघडून विचारू नका. पुढच्या गाण्याकडे जा आणि यादीत त्या नावावर फिकट खूण करा. मात्र लागोपाठ तीन फाइली फसल्या तर थांबा. नाहीतर मेमरी कार्ड निघालेलं असेल तेव्हा काही सेकंदांत सगळी रांग संपून जाते.

६. मुख्य पडद्यावर काय काय ठेवू?

गाण्याचं नाव, कलाकार, सुरू-विराम, मागे, पुढे आणि वेळेची पट्टी. शफल आणि रिपीट हे रांगेचे गुण आहेत, म्हणून ते रांगेच्या पडद्यावर. आवाज कमी-जास्त करायला फोनला बटणं आहेतच, तेव्हा स्लायडर नको.

‘मागे’ बटणाबद्दल एक रूढ सवय मोडू नका. गाणं तीन सेकंदांपेक्षा पुढे गेलं असेल तर ते पहिल्यापासून सुरू होतं, त्याआधी दाबलं तरच मागचं गाणं येतं. हे कुणी शिकवत नाही, पण सगळे गृहीत धरतात.

मापांमध्ये काटकसर करू नका. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार किमान ४८ डीपी (पडद्याच्या घनतेप्रमाणे न बदलणारं माप) आणि ॲपलच्या मते ४४ पॉइंट असावी. दिसणारं चिन्ह त्याहून लहान असलं तरी चालेल. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला विरोध किमान ४.५ ला १ ठेवा. फिकट करड्यावर आणखी फिकट करडी अक्षरं चित्रात सुंदर दिसतात आणि उन्हात गायब होतात.

लांब नाव सरकवत नेण्याऐवजी दोन ओळींत मोडा. देवनागरीसाठी ओळीची उंची सैल ठेवा. रोमन अक्षरांच्या मापाने आवळलेल्या ओळीत रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात.

७. सगळी बटणं काढून फक्त जेश्चर ठेवले तर?

जवळची वाट म्हणून जेश्चर छान आहेत, पण ती एकमेव वाट नसावी. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हे पडदा वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर चालू असताना बोट सरकवण्याचा अर्थच बदलतो, म्हणजे न बघता फोन वापरणाऱ्यासाठी तुमचं ॲप बंद झालं. अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या कडेवरून सरकवणं म्हणजे मागे जाणं, तिथेही टक्कर होते. शिवाय लपलेलं जेश्चर समजावून सांगायला सूचनांचा पडदा लागतो, आणि काढलेल्या बटणाची सगळी बचत तिथे खर्च होते.

जी बटणं ठेवाल त्यांना स्क्रीन रीडरसाठी नावं द्या. वाजत असताना बटणाचं नाव ‘विराम’, थांबलेलं असताना ‘सुरू करा’, असं स्थितीप्रमाणे बदलू द्या.

८. अल्बमचं चित्र मोठं दाखवू का?

दाखवा, पण ते पडद्याच्या मापातच उलगडा. ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र पूर्ण उलगडलं तर दर पिक्सेलला ४ बाइट धरून ३६ एमबी मेमरी खातं. यादी सरकवताना अशी दहा-वीस चित्रं आली की ॲप अडखळतं किंवा बंद पडतं. यादीसाठी छोटी प्रत एकदाच करून साठवा.

चित्र नसेल तर त्या जागी सुराचं चिन्ह छापू नका. नावालाच ती जागा घेऊ द्या, मोठ्या अक्षरांतलं नाव त्या चिन्हापेक्षा कितीतरी अधिक सांगतं. चित्रातून रंग काढून पडदा रंगवण्याची पद्धत मला पटत नाही. प्रत्येक अल्बमबरोबर अक्षरांचा ठळकपणा बदलतो आणि वरचा ४.५ चा नियम नशिबावर सोडावा लागतो.

९. तासाभराच्या ध्वनिमुद्रणात हवी ती जागा पट्टीवर सापडत नाही. काय करू?

सापडणार नाहीच. पट्टीची रुंदी ३६० डीपी आणि ध्वनिमुद्रण ३,६०० सेकंदांचं असेल, तर एका डीपीत दहा सेकंद येतात. बोटाचं टोक त्याच्या कितीतरी पट रुंद आहे. उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र नांदतात. बोट पट्टीवरून वर नेलं की सरकण्याचा वेग कमी होऊ द्या. लांब फाइलसाठी मागे-पुढे बटण धरून ठेवल्यावर पंधरा सेकंदांची उडी द्या. आणि वीस मिनिटांपेक्षा मोठ्या फाइलमध्ये जिथे थांबलो ती जागा न विचारता लक्षात ठेवा. माझ्या अनुभवात हा तिसरा उपाय बाकी दोघांची गरजच बरीच कमी करतो.

बोट सरकत असताना आवाज उड्या मारू देऊ नका, बोट उचलल्यावरच जागा बदला. तोवर वेळ बोटाच्या वर दाखवा, खाली नाही.

बदलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये आणखी एक अडचण आहे. फाइलच्या सुरुवातीच्या झिंग हेडरमध्ये १०० नोंदींचा तक्ता असतो, म्हणजे तासाच्या फाइलमध्ये दर ३६ सेकंदांना एक खूण. मधली जागा अंदाजाने काढली जाते. हे हेडरच नसेल तर एकूण लांबीही अंदाजाचीच असते. अशा फाइलवर वेळ चुकीची दिसल्याच्या तक्रारी येतात तेव्हा दोष बहुधा तुमच्या पट्टीचा नसतो.

१०. शफलमध्ये तेच तेच कलाकार लागोपाठ येतात. माझा कोड चुकलाय का?

दोन शक्यता आहेत, दोन्ही तपासा.

पहिली, खरोखर चूक. फिशर-येट्स या क्रम मिसळण्याच्या पद्धतीत शेवटच्या जागेपासून मागे येताना प्रत्येक गाण्याची अदलाबदल फक्त उरलेल्या गाण्यांपैकी एकाशी करायची असते. अनेक जण दर वेळी सगळ्या गाण्यांतून एक निवडतात. तीन गाण्यांवर हिशेब करून बघा: अशा निवडीचे २७ मार्ग होतात आणि क्रम फक्त ६ आहेत. २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच.

दुसरी, कोड बरोबर आहे आणि कान तक्रार करतो आहे. खऱ्या यादृच्छिक क्रमात एकाच कलाकाराची गाणी जवळजवळ येतात, आणि माणसाला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. याच तक्रारींमुळे स्पॉटिफायने २०१४ मध्ये आपली शफलची पद्धत बदलल्याचं जाहीर केलं होतं. सोपा उपाय असा: प्रत्येक कलाकाराची गाणी रांगेत साधारण समान अंतरावर पसरवा आणि अंतरात थोडा फरक राहू द्या.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे क्रम एकदाच तयार करून ठेवा. दर वेळी पुढचं गाणं नव्याने निवडलं तर ‘मागे’ दाबून आधीचं गाणं मिळत नाही. शफल बंद केलं की चालू गाणं न तुटता मूळ क्रमात पुढे जायला हवं. रांग संपून पुन्हा सुरू झाली तर नव्या क्रमाचं पहिलं गाणं आत्ताच संपलेलं नसावं.

११. सगळे इक्वलायझर मागतात. देऊ का?

नको. अँड्रॉइडवर प्रणालीचं आवाजाच्या परिणामांचं दालन उघडता येतं. त्याला तुमच्या आवाजाचा सेशन क्रमांक द्या, एवढं पुरे. आयफोनवर हे सोडून द्या.

१२. एका अल्बममधली जोडलेली गाणी वाजवताना मध्ये क्षणभर शांतता येते. ती कशी घालवायची?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न हा आहे, कारण इथे ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि तरी प्लेअर कसा आहे ते लगेच कळतं.

कारण एमपी३च्या रचनेत आहे. आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींमध्ये भरला जातो, ४४,१०० च्या दराने एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. गाणं नेमकं चौकटीच्या कडेवर संपत नाही, म्हणून शेवटी पोकळ नमुने भरले जातात. सुरुवातीलाही फाइल बनवणारा एन्कोडर काही नमुने घालतो, लेम या एमपी३ एन्कोडरमध्ये हा आकडा सहसा ५७६ असतो, आणि डिकोडर स्वतःचे ५२९ वाढवतो. लेम हे पुढचे-मागचे आकडे फाइलच्या पहिल्या चौकटीत लिहून ठेवतो. प्लेअरने ते वाचून तेवढा भाग कापायचा असतो. एक्सोप्लेअर हे करतो. फ्लॅकमध्ये नमुन्यांची नेमकी संख्या नोंदलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

दुसरं कारण बहुतेक वेळा तुमच्याच कोडमध्ये असतं. गाणं संपल्याची खबर आल्यावर पुढच्यासाठी नवा प्लेअर तयार केला की खंड पडणारच. एकाच प्लेअरला पूर्ण रांग द्या म्हणजे तो पुढची फाइल आधीच उघडून ठेवतो. आयफोनवर नमुन्यापर्यंत अचूक जोड हवी असेल तर एव्हीऑडिओइंजिनमध्ये आवाजाचे तुकडे (बफर) आधी नेमून ठेवावे लागतात.

तपासायला एक सलग शुद्ध सूर तयार करा, त्याची फाइल मधोमध कापून दोन करा आणि लागोपाठ वाजवा. जोड बरोबर नसेल तर टिक असा आवाज हमखास ऐकू येतो. एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारा क्रॉसफेड हा यावरचा उपाय नाही, त्याने कलाकाराने केलेला शेवट खाल्ला जातो.

१३. एक गाणं मोठ्याने, पुढचं हळू वाजतं. हे आपोआप जुळवता येईल?

येईल. फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे तिच्यातच लिहिलेल्या नाव-कलाकार अशा माहितीत, रिप्लेगेनचे (आवाज किती कमी-जास्त करायचा त्याचे) दोन आकडे असू शकतात, एक गाण्याचा आणि एक अल्बमचा. अल्बम ओळीने वाजत असेल तेव्हा अल्बमचा आकडा घ्या म्हणजे हळुवार गाणं हळुवारच राहतं. मिसळ रांग असेल तेव्हा गाण्याचा. ही निवड ॲपने रांगेकडे बघून करावी, प्रश्न १ मध्ये म्हटलेला निर्णय तो हाच.

डेसिबलचा आकडा २० ने भागून १० च्या घातात टाकला की गुणक मिळतो. उणे ६ म्हणजे जवळपास निम्मा. वाढवताना टॅगमधला शिखराचा आकडा बघा, गुणाकार १ च्या वर गेला तर आवाज फाटतो. टॅग नसतील तर फोन चार्ज होत असताना मोजणी करा आणि निकाल स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा. ऐकणाऱ्याच्या फाइलींना हात लावू नका.

१४. फोन आला, नकाशाने वळण सांगितलं, हेडफोन निघाला: प्रत्येक वेळी काय करायचं?

फोन आला तर थांबा आणि तो संपल्यावर पुन्हा सुरू करा. पण आधीच विराम दाबलेला असेल तर फोन संपल्यावर सुरू करू नका. यासाठी ‘प्रणालीने थांबवलं’ आणि ‘माणसाने थांबवलं’ या दोन नोंदी कोडमध्ये वेगळ्या ठेवा. हा फरक न ठेवल्यामुळे भलत्या वेळी गाणं सुरू होण्याचे बहुतेक प्रकार घडतात.

नकाशाच्या सूचनेला आवाज क्षणभर खाली घ्या. फाइल बोलण्याची असेल, व्याख्यान किंवा वाचन, तर थांबा, कारण दोन आवाजांतले शब्द एकत्र ऐकू येत नाहीत. दुसऱ्या प्लेअरने ताबा घेतला तर थांबा आणि स्वतःहून परत येऊ नका.

हेडफोन निघाला तर त्याच क्षणी थांबा. अँड्रॉइड यासाठी आवाज बाहेर पडणार असल्याची आगाऊ सूचना देतो, आयफोन मार्ग बदलल्याची. हेडफोन पुन्हा जोडल्यावर सुरू करायचं नाही. ब्लूटूथची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती प्रश्न २१ मध्ये.

१५. पडदा बंद केल्यावर थोड्या वेळाने गाणं थांबतं. का?

अँड्रॉइडवर वाजवण्याचं काम फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये (ॲप समोर नसतानाही सूचना दाखवून चालू राहणाऱ्या भागात) हवं, आणि अँड्रॉइड १४ ला लक्ष्य केलेल्या ॲपमध्ये तिचा मीडिया प्लेबॅक हा प्रकार जाहीर करणं बंधनकारक आहे. आयफोनवर पार्श्वभूमीतल्या ऑडिओची परवानगी आणि प्लेबॅक ही सेशन श्रेणी दोन्ही लागतात. श्रेणी न बदलता ठेवली तर फोन सायलेंटवर टाकला की गाणंही गप्प होतं.

हे सगळं बरोबर असूनही काही फोनांची बॅटरी बचत ॲप बंद करते. तिथे तुमच्या हातात एवढंच आहे की नुकसान होऊ नये. गाणं बदलताना, विरामाच्या वेळी आणि मध्ये मध्ये रांग व जागा साठवत राहा. चाचणी चार्जर काढून, पडदा बंद ठेवून, चांगली तासभर करा. केबल जोडलेली असताना हा दोष सहसा दिसतच नाही.

१६. संग्रह फोल्डरप्रमाणे दाखवू की टॅगप्रमाणे?

एकच निवडा. टॅग नीट असतील तर टॅग; बहुतेक जुन्या संग्रहांत ते नसतात आणि फोल्डर मात्र मालकाने विचार करून लावलेले असतात. दोन्हीमध्ये अदलाबदल करणारं बटण ठेवलं की प्रत्येक पडदा दोनदा बनवावा लागतो.

१७. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, आणि शोधल्यावर समोर असलेलं गाणंही सापडत नाही.

हे दोन वेगळे दोष आहेत.

प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं टॅगमुळे येतात. एमपी३मधला जुना टॅग, आयडी३ची पहिली आवृत्ती, फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइटचा असतो आणि नावाला ३० बाइट देतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे मात्रांसकट दहा चिन्हांत नाव संपलं. आवृत्ती २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा. काही साधनं देवनागरी मजकूर भलत्याच एन्कोडिंगच्या नावाने लिहितात. नवा टॅग असेल तर जुना वाचूच नका, आणि दोन्ही वाचण्याजोगे नसतील तर फाइलचं नाव दाखवा.

शोधाचा दोष युनिकोडचा आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कोडला वेगळे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा आणि अदृश्य जोडचिन्हं काढून टाका. क्रम लावायला स्वतःचा नियम करू नका, आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीतला मराठीचा वर्णक्रम वापरा.

१८. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की आवडत्यांच्या यादीतून गायब होते.

कारण तुम्ही गाण्याची ओळख त्याच्या पत्त्यावर ठेवली आहे. मीडियास्टोअरचा क्रमांकही कायमचा समजू नका, पुन्हा नोंदणी झाली की तो बदलू शकतो. टॅग सोडून फक्त आवाजाच्या भागाचा हॅश (आशयावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढा, त्याला लांबीची जोड द्या आणि तीच ओळख धरा. नाव दुरुस्त केलं तरी ती टिकते. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ हॅश हेडरमध्येच लिहायची सोय आहे. तो सगळ्या फाइलींत भरलेला नसतो, तिथे स्वतः काढा. फाइल सापडेनाशी झाली तरी नोंद लगेच पुसू नका, कार्ड परत बसवल्यावर यादी जशीच्या तशी दिसायला हवी.

१९. स्ट्रीमिंगची सोय जोडू का?

एकट्याच्या फावल्या वेळातल्या प्रकल्पात नको. खाती, परवाने, दुसऱ्याच्या अटी आणि त्या बदलल्यावर मोडणारा कोड हे सगळं सोबत येतं, आणि संरक्षित गाण्यांचा आवाज तुमच्या हातात येत नसल्यामुळे प्रश्न १२ आणि १३ मधली मेहनत तिथे लागूच होत नाही.

२०. निदान अल्बमची चित्रं आणि गीतांचे शब्द इंटरनेटवरून आणले तर?

गीतांचे शब्द आणि मुखपृष्ठं यांवर सहसा कुणाचा तरी हक्क असतो, त्यामुळे हे दिसतं तितकं सोपं नाही. माहितीसाठी म्युझिकब्रेन्झ हा खुला साठा आहे. त्यांच्या सेवेला सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंत्या पाठवू नका आणि विनंतीत आपल्या ॲपची ओळख द्या.

माझं मत मात्र यापुढचं आहे: अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगीच मागू नका. काय ऐकलं ते कुठेही जात नाही, हे मग शब्दांत सांगावं लागत नाही, परवानग्यांच्या यादीत कुणालाही तपासता येतं.

२१. गाडी सुरू केली की ब्लूटूथ जोडताच गाणं आपोआप वाजू लागतं. मी तर असा कोड लिहिलाच नाही!

जोडणी होताच अनेक गाड्या स्वतःच ‘सुरू करा’ असा आदेश पाठवतात. तो हेडफोनच्या बटणाच्याच वाटेने येतो, त्यामुळे माणसाने दाबलं की गाडीने, हे ॲपला खात्रीने कळत नाही. जोडणीनंतरच्या पहिल्या काही सेकंदांतला आदेश दुर्लक्षित करता येतो. पण काहींना गाडीत बसताच गाणं सुरू झालेलंच हवं असतं, आणि दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. माझ्या सेटिंग्जमध्ये जे मोजके पर्याय टिकले त्यांत हा एक आहे. पर्याय ठेवायचा तो अशाच ठिकाणी: दोन माणसांना अगदी उलट गोष्टी हव्या असतात आणि फाइल, रांग किंवा जोडणी बघून त्यांतली कोणती ते ॲपला ओळखता येत नाही.

२२. प्रसिद्ध केल्यावर लोक फीचर मागत राहतात. नाही कसं म्हणू?

कारण सांगून. प्रश्न ३ मधली ‘हे करणार नाही’ यादी ॲपच्या माहितीतच छापा, म्हणजे नकार व्यक्तीला नाही, आधी ठरलेल्या हद्दीला मिळतो. मात्र मागणीमागची अडचण नेहमी विचारा. झोपताना बंद होणारा टायमर मागणाऱ्याला बहुधा ‘हे गाणं संपल्यावर थांब’ एवढंच हवं असतं, आणि ते विरामाचं बटण दाबून धरल्यावर देता येतं. आवडीची गाणी वर आणण्यासाठी तारे मागणाऱ्याला एक साधी आवडती यादी पुरते.

२३. गूगल प्लेवर टाकायलाच हवं का?

नाही. नव्या वैयक्तिक खात्यांना तिथे आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. कोड खुला असेल तर एफ-ड्रॉइड हा खुल्या ॲपचा साठा चांगला मार्ग आहे. ॲपलकडे विकासकाचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं, एकदाच नाही.

२४. एकच गाणं रांगेत दोनदा टाकलं की दोन्ही ओळी चालू असल्यासारख्या दिसतात, आणि एक काढली तर दोन्ही जातात. कसं सोडवू?

रांगेतल्या प्रत्येक जागेला गाण्यापासून वेगळा क्रमांक द्या. प्रश्न १८ मधली ओळख गाण्याची आहे, रांगेतल्या जागेची नाही. काढणं, हलवणं आणि चालू ओळ ठळक करणं ही तिन्ही कामं जागेच्या क्रमांकाने करा, आवडतं करणं आणि आवाजाची पातळी गाण्याच्या ओळखीने. रांग साठवतानाही जागेचे क्रमांक सोबत लिहा, नाहीतर ॲप पुन्हा उघडल्यावर दोन्हींपैकी कोणत्या ओळीवर होतो ते त्याला कळणार नाही.